कानातला बोळा आणि औषधांची पैसेवारी

कान दुखून कधी कुणी मेलंय का, असं मामाच हसत विचारायचे. वय ६८, शुगर १२ वर्षांची, सकाळची गोळी घेतली तर संध्याकाळची राहिली, असा सगळा कारभार. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, माझ्या आजोळी, शुगर हा आजार धरतच नाहीत. 'मला थोडी शुगर हाय' हे वाक्य 'मला थोडं कमी दिसतंय' अशा सुरात येतं. कानाचं तर त्याहून किरकोळ. छातीत दुखलं की गाडी काढतात, पोटात दुखलं की सलाईन लावतात, आणि कान दुखला की तेल तापवतात.

मामींनीही तेच केलं. लसणाच्या दोन पाकळ्या तेलात काळ्या होईस्तोवर तळल्या, तेल कोमट झाल्यावर चार थेंब कानात, वर कापसाचा बोळा. "कानाला काय व्हतंय रे, दोन दिसात बरा व्हतो," मामा मला फोनवर म्हणाले. दोन दिवसांनी बरा झाला नाही, तेव्हा मेडिकलवरून थेंबांची बाटली आली. ती बाटली मी नंतर हातात घेऊन वाचली. जंतू मारायला एक औषध, बुरशी मारायला एक, सूज उतरवायला स्टेरॉइड, आणि ठणका कळू नये म्हणून बधिर करणारं एक. एका बाटलीत चार औषधं, म्हणजे कानात नेमकं काय झालंय हे कुणी वाकून पाहायचीही गरज उरली नाही.

चार दिवस बरं वाटलं. वाटणारच, बधिर केलेला कान बोंब मारत नाही. पुन्हा ठणकायला लागल्यावर सिप्रो या अँटिबायोटिकच्या गोळ्या, पाच दिवस. त्यानंतर बाजाराच्या दिवशी एका दवाखान्यात 'मळ अडकलाय' म्हणून पिचकारीनं पाणी मारून कान धुऊन दिला. म्हातारा माणूस, अंगात शुगर, आतून दुखणारा कान, आणि त्यात नळाचं पाणी. कानाच्या डॉक्टरांना हे नुसतं सांगितलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तेव्हा आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, उलट मळ निघाला म्हणून बरंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात दुखणं जबड्यात उतरलं. दिवसा कमी, रात्री उठून बसवणारं. भाकरी चावता येईना म्हणून मामी ती दुधात कुस्करून देऊ लागल्या. आणि एका सकाळी चहा पिताना चहा ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागला. मामा बोटानं तो कोपरा दाबून धरून चहा प्यायले, कुणाला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे करून. उजवा डोळा मिटत नव्हता. घरातली सगळी म्हणाली, वारं गेलं. मग लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणारा शोधला, तिथे फेऱ्या झाल्या, आणखी आठ दिवस गेले. कानाचा आणि वाकड्या झालेल्या तोंडाचा काही संबंध असेल हे मामांच्या, मामींच्या किंवा माझ्याही मनात आलं नाही. मी तर शिकलेला.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात शेवटी एका तरुण निवासी डॉक्टरनं कानात दुर्बीण घातली आणि पहिला प्रश्न विचारला, "शुगर कधी तपासली होती?"

या रोगाला डॉक्टरी भाषेत 'मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना' म्हणतात. नावात मॅलिग्नंट असलं तरी हा कॅन्सर नव्हे. मात्र दिसायला इतका सारखा असू शकतो की आतला मांसाचा तुकडा काढून कॅन्सर नसल्याची खात्री करावी लागते. बाहेरून आत पडद्यापर्यंत जाणारी कानाची नळी जेमतेम इंचभर लांब. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, आतला हाडाचा. कूर्चेत बारीक फटी असतात. धडधाकट माणसाच्या नळीला जंतूची लागण झाली तर ती कातडीपुरती राहते आणि आठवड्याभरात थेंबांनी बरी होते. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांचे कान दुखतात ते हेच. पण वर्षानुवर्षं शुगर असलेल्या माणसाच्या बारीक रक्तवाहिन्या थकलेल्या असतात, पांढऱ्या पेशींचा जोर कमी झालेला असतो, कानातल्या मळाची जंतूंना रोखणारी आम्लताही उतरलेली असते. मग लागण त्या फटींतून हाडात शिरते आणि कवटीच्या तळाकडे सरकते. चेहरा हलवणारी नस कानाच्या मागे-खाली, त्याच वाटेवर हाडातून बाहेर पडते. ती सापडली की तोंड वाकडं होतं. त्याच्याही पुढच्या नसा सापडल्या की गिळता येत नाही, आवाज बसतो.

हे करणारा जिवाणू बहुतेक वेळा एकच, स्युडोमोनास एरुजिनोसा. ओल जिथे तिथे याचं घर: नळाची तोटी, साचलेलं पाणी, ओली माती. अमेरिकेतल्या चँडलर नावाच्या डॉक्टरनं १९६८ मध्ये या रोगाचे १३ रुग्ण मांडून त्याला हे नाव दिलं, तेव्हा त्यांतले जवळपास निम्मे दगावले होते. त्या काळी उपाय एकच होता, दवाखान्यात आठवडेच्या आठवडे इंजेक्शनं आणि हाड खरवडण्याची शस्त्रक्रिया. १९८७ मध्ये अमेरिकेत सिप्रोफ्लॉक्सासिनला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. स्युडोमोनासला मारणारी, हाडापर्यंत पोचणारी, तोंडानं घ्यायची गोळी हातात आली. जो रोग माणूस नेत होता तो घरी बसून, सहा-आठ आठवडे गोळ्या घेऊन बरा होऊ लागला. म्हाताऱ्या शुगरवाल्या माणसासाठी याहून मोठी देणगी नव्हती.

त्या देणगीचं आपण काय केलं? जुलाब झाले, सिप्रो. जुलाब जास्त झाले, सिप्रो-टिनी. लघवीला जळजळलं, सिप्रो. ताप आला, ताप कशाचा कळेना, सिप्रो. विषाणूच्या सर्दीला जिवाणूची गोळी आणि पाण्यातून होणाऱ्या हगवणीला हाडातल्या जंतूची गोळी. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरातली औषधांची पिशवी उलटी करा, अर्धी वापरलेली एक तरी पट्टी निघेल. 'पावरची गोळी आहे, तीनच घे, गरम पडती' हा सल्ला मी स्वतः माझ्या आईला दिलेला आहे.

मामांच्या पुवाचं कल्चर झालं, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी. रिपोर्ट आणायला मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी ताटलीच दाखवली. तळहाताएवढी गोल पारदर्शक ताटली, तीत जेलीसारखा थर, आणि त्यावर हिरवट साय धरलेली. झाकण किलकिलं केलं तर चक्क द्राक्षासारखा गोडसर वास. सायीवर कागदाच्या बारीक पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या, प्रत्येक टिकलीत एक औषध भिनवलेलं. जे औषध लागू पडतं त्या टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल खळं पडतं. "ही सिप्रोची," बाईंनी पेनाच्या टोकानं दाखवलं. टिकलीच्या काठाला लागून हिरवी साय वाढलेली होती. खळंच नाही. आणखी दोन टिकल्यांचं तसंच. दोनच टिकल्यांभोवती चांगली रुंद खळी होती, आणि ती दोन्ही औषधं शिरेतून द्यायची.

म्हणजे १९६८ च्या वाटेवर आम्ही परत आलो होतो. फक्त तेव्हा गोळी शोधलीच गेली नव्हती, आणि आता शोधून, वापरून, वाया घालवून झाली होती. दिवसातून तीनदा इंजेक्शन, सहा आठवडे. मृगाचा पाऊस पडला तेव्हा मामी वॉर्डाच्या व्हरांड्यात होत्या. कापूस त्या वर्षी बटईनं दिला. दवाखान्याच्या बिलात हा खर्च कुठे लिहिलेला नसतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अशी गोष्ट सांगितली की ऐकणारा लगेच म्हणतो, लोक अडाणी आहेत, त्यांना समजावलं पाहिजे. मला हे पटत नाही. जंतू औषधाला दाद का देत नाही हे मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला समजावण्याची गरज नाही. त्यानं ते २०१७ मध्ये स्वतःच्या शेतात पाहिलंय. २००२ मध्ये अळीला मारणारं विष झाडातच असलेला बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला, बोंडअळी संपली म्हणून सगळे सुटकेचा श्वास घेऊन बसले. बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची एक लहान पुडी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे काही अळ्या विषाला न सरावलेल्या राहतील आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होत राहील, असा त्यामागचा हिशेब. मामांच्या घरात ती पुडी वळचणीला खोचलेली असायची. गावात कुणीच लावली नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली आणि मराठवाडा-विदर्भात उभ्या पिकात नांगर घालायची पाळी आली. 'अळी औषधाला सरावली' हे वाक्य तेव्हा पारावर रोज ऐकू यायचं.

पुडी का लावली नाही? शेतकरी मूर्ख होता म्हणून? अजिबात नाही. त्या ओळीतला कापूस अळी खाणार, नुकसान त्याचं एकट्याचं, आणि फायदा पंचक्रोशीचा. शिवाय शेजाऱ्यानं लावली नाही तर याच्या एकट्याच्या लावण्याला अर्थ नाही. गोळीचंही असंच आहे. माझ्या पोराला आत्ता ताप आहे, गोळी समोर आहे, चाळीस वर्षांनी कुणाच्या तरी कानाला ती लागू पडणार नाही याचा विचार मी का करू? शहाणपणाची भाषणं इथे कामाची नाहीत, कारण प्रत्येक जण आपल्या जागी शहाणाच वागत असतो. (डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक पंपात घालून फवारणारे आणि गाईची कास दगडासारखी झाली की डॉक्टर येण्याआधी सडात अँटिबायोटिकची ट्यूब पिळणारे आम्हीच. तो एक वेगळा लेख होईल.)

दुसरा हुकमी उपाय म्हणजे मेडिकलवाल्याला धरा. कायदा आहेच. ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेनं औषध नियमांत 'एच-१' नावाची यादी आली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. त्यात ४६ औषधं होती. ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध किती दिलं, हे सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. त्या यादीत सिप्रोच्या कुळातली लिव्होफ्लॉक्सासिन होती, मॉक्सिफ्लॉक्सासिन होती. सिप्रोफ्लॉक्सासिन नव्हती. तिला चिठ्ठी लागते, पण त्या वहीत तिची नोंद नाही. इतकी खपणारी, घराघरांत पडलेली गोळीच वहीबाहेर. शेताला चारी बाजूंनी काटेरी कुंपण घालायचं आणि बैलगाडीचं फाटक उघडं ठेवायचं, त्यातला प्रकार.

केरळनं २०१८ मध्ये जंतूंच्या औषधरोधाविरुद्ध स्वतःचा राज्य आराखडा केला आणि २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले. आपल्याकडेही घाला, माझी हरकत नाही. पण केरळातल्या खेड्यात डॉक्टर जितका जवळ आहे तितका धारूरच्या डोंगरात किंवा हिंगोलीच्या आडबाजूच्या गावात नाही. आमच्या गावचा मेडिकलवाला मला म्हणाला, "सर, मी नाही दिलं तर तो पुढच्या दुकानात जातो. आणि समजा चिठ्ठी घेऊन आला, तर चिठ्ठीवर दुसरं काय लिहिलेलं असतं?"

मला त्याच्या या प्रश्नानं गप्प केलं. खरंच काय वेगळं लिहिलेलं असतं? मामांच्या दुखण्यात पुढे चिठ्ठ्याही होत्या, तीन डॉक्टरांच्या तीन. तिन्हींवर सिप्रोच, नाव तेवढं वेगवेगळ्या कंपनीचं. मेडिकलवाला अंदाजानं देत होता आणि डॉक्टर अंदाजानं लिहीत होते. फरक सही-शिक्क्याचा. डॉक्टरांना मी दोष देत नाही. अमुक तालुक्यात कानातला स्युडोमोनास सिप्रोला दाद देतो की नाही, हे त्यांना कळायला मार्गच नाही. पुस्तकात सिप्रो लिहिलेली आहे, ते सिप्रो देतात. आपण सगळे भांडतोय चिठ्ठीवरून, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे.

म्हणून माझं म्हणणं अगदी लहान आहे. शुगरच्या माणसाचा कान आठवड्याहून जास्त दुखत असेल, वाहत असेल, रात्री झोपू देत नसेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी त्या कानात निर्जंतुक बोळा फिरवायचा आणि तो कल्चरला पाठवायचा. तालुक्यावरून, जमलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रावरून. सोबत बोटाला टोचून साखर बघायची, कारण पुष्कळदा माणसाला आपली शुगर ठाऊकच नसते किंवा ठाऊक असून तो सांगत नाही. आणि ज्याचं कानाबरोबर तोंड वाकडं झालंय त्याला बोळ्याचीही वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात धाडायचं.

'पाठवायचा कुठे?' हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी रास्त होता. आज नाही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, १९५६ पासून आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं महाविद्यालय खास ग्रामीण भागासाठी उभं राहिलं. नांदेड आहे, लातूर आहे. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, आणि २०२४ मध्ये जालना आणि हिंगोली. बीडला अंबाजोगाई धरलं तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आज एकेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच, त्याशिवाय विद्यार्थ्यांना शिकवणार काय? म्हणजे ती हिरवी ताटली, त्या टिकल्या, त्या बाई आपल्याच जिल्ह्यात आहेत. अडलंय ते फक्त गाव ते ताटली एवढं अंतर.

आणि ते अंतरही आपण दुसऱ्या कामासाठी रोज कापतोच. क्षयाच्या संशयिताचा बेडका डबीत भरून तपासणीला जातो. त्यासाठी मशीन आली, औषध फुकट आलं, औषधाला दाद न देणारा क्षय आहे का हे उपचाराच्या सुरुवातीलाच बघायची पद्धत पडली. क्षयाच्या बाबतीत 'आधी औषध, मग बघू' असं आज कुणी म्हणत नाही. रक्ताचे नमुनेही आरोग्य केंद्रातून 'महालॅब'ची माणसं गोळा करून नेतात. बेडका जातो, रक्त जातं, मग कानातल्या पुवानंच काय घोडं मारलंय? योग्य माध्यमाच्या नळीत ठेवलेला बोळा दिवसभर सहज टिकतो. जिवाणू चिवट आहे, प्रवासात मरणाऱ्यातला नाही.

यावर एका डॉक्टर मित्रानं मला चांगलंच फैलावर घेतलं. त्याचं म्हणणं, कानाच्या नळीत वरवर बोळा फिरवला तर काहीही उगवतं, नुसतं राहायला आलेलं आणि रोग करणारं यातला फरक कागदावर दिसत नाही. मग रिपोर्टवर लांबलचक नाव बघून डॉक्टर घाबरतो आणि ज्याला थेंबांनी बरं वाटलं असतं त्यालाही महागडं इंजेक्शन टोचतो. म्हणजे अँटिबायोटिक कमी होण्याऐवजी वाढायचं. हा मुद्दा खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. खोलातला तुकडा बोळ्यापेक्षा केव्हाही चांगला, पण तो तालुक्यावर निघणार नाही. म्हणूनच मी प्रत्येक दुखऱ्या कानाचं म्हणत नाही. विहिरीत डुंबणाऱ्या पोराच्या कानाला बोळ्याची गरज नाही. शुगर, आठवडा उलटलेला, रात्रीचा ठणका, एवढी चाळणी लावली तर बोळे मूठभरच निघतील. रिपोर्ट वाचायला महाविद्यालयातला कानाचा डॉक्टर फोनवर मिळाला तर घाबरायचं कारणही उरणार नाही. त्यानंही शेवटी कबूल केलं की एक गोष्ट त्याला हवी आहे. दोन दिवसांनी रिपोर्ट आला की चालू औषध बदलायचं की तेच ठेवायचं, हे ठरवताना हातात काहीतरी असावं.

'इतक्या दुर्मिळ रोगासाठी एवढी यातायात?' हाही आक्षेप येतो. रोग दुर्मिळ आहे हे खरं. पण तो ज्या माणसांना होतो ती माणसं दुर्मिळ राहिलेली नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या पुढे गेला. २०२१ च्या उन्हाळ्यात काळी बुरशी आली, तेव्हा शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आले की चेहऱ्याच्या हाडांचं काय होतं हे आपण पाहिलं, त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांतून धावताना पाहिले. तेव्हाही सगळे म्हणाले होते की हा तर दुर्मिळ रोग. शिवाय कानातला स्युडोमोनास कानापुरता नसतो. तोच भाजलेल्यांच्या वॉर्डात असतो, लघवीच्या नळीत असतो, व्हेंटिलेटरवरच्या फुप्फुसात असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये नवी औषधं तातडीनं हवी असलेल्या जिवाणूंची यादी केली, तेव्हा कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिकांनाही न जुमानणारा स्युडोमोनास सर्वांत वरच्या गटात होता. कार्बापेनेमनंतर बऱ्याचदा उरतं कोलिस्टिन हे जुनं औषध, आणि ते मूत्रपिंडावर जातं. बऱ्याच शुगरवाल्यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात. शितावरून भाताची परीक्षा करायची तर कान हे फार सोयीचं शीत आहे. बाहेरून हात पोचतो, बोळा फिरतो, सुई खुपसावी लागत नाही.

या बोळ्यांतून आणखी एक गोष्ट साधेल, आणि मला स्वतःला तीच जास्त मोलाची वाटते. पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, मराठवाड्याला शिकवावी लागत नाही. नजरअंदाज, सुधारित, अंतिम अशी तीनदा ती जाहीर होते, आणि पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळाच्या सवलतींची चर्चा सुरू होते. पिकाची दरवर्षी पैसेवारी काढणाऱ्या प्रदेशात औषधांची पैसेवारी का असू नये? जिल्ह्याच्या महाविद्यालयानं वर्षातून एकदा एक पानाचा तक्ता काढायचा: गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या स्युडोमोनासपैकी शंभरातले इतके सिप्रोला मेले, इतके सेफ्टाझिडिमला, इतके मेरोपेनेमला. मोठ्या रुग्णालयांत असे तक्ते त्यांच्यापुरते निघतात. आयसीएमआरनंही २०१३ मध्ये यासाठी देशभर जाळं उभारलं. पण दिल्ली-मुंबईतल्या अतिदक्षता विभागाची पैसेवारी केजच्या डॉक्टरच्या काय कामाची? सांगलीतल्या उसाचा उतारा बघून बीडचा दुष्काळ ठरवत नाहीत. तालुक्यातल्या डॉक्टरच्या टेबलाच्या काचेखाली, कंपनीच्या कॅलेंडरशेजारी, तो एक कागद असला तर चिठ्ठी लिहिताना त्याचा हात एकदा तरी थबकेल. मेडिकलवाल्याकडेही एक प्रत द्यावी. तो माझ्या माहितीतल्या बऱ्याच पदवीधरांपेक्षा बारकाईनं वाचतो.

आणि हा तक्ता बाहेर आला की सिप्रोला वहीत का घेतलं नाही, चार औषधांची एक बाटली कानात कशाला, हे प्रश्न विचारायला आपल्याकडे आकडे असतील. आज आपल्याकडे माझ्या मामांची गोष्ट आहे. गोष्टीवर सभागृहात प्रश्न विचारता येत नाही.

मामा बरे आहेत. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, पण ते त्याचा फायदाच घेतात, मामी शुगरच्या गोळीची आठवण करायला लागल्या की उजवी बाजू पुढे करतात. तोंड पुष्कळसं सरळ झालंय. डोळा अजून पूर्ण मिटत नाही, रात्री थेंब टाकून पट्टी लावून झोपावं लागतं. कानात तेल मात्र बंद झालं. आता ते गावातल्या दुसऱ्यांच्या कानात जाणारं तेलही बंद करत फिरतात आणि शिव्या खातात.

गेल्या महिन्यात त्यांचं रक्त द्यायला मी त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेलो होतो. नमुने न्यायला आलेला पोरगा बर्फाच्या डब्यात नळ्या रचत होता, एकेकीवर चिठ्ठी चिकटवून, वहीत खूण करत. त्याला सहज विचारलं, कानाचा बोळा दिला तर नेशील का रे?

"मला काय सर, डब्यात जागा हाय," तो म्हणाला. "वरून कागद यायला पायजे." त्यानं झाकण लावलं, डबा गाडीच्या मागच्या सीटवर रबरानं आवळला आणि पुढच्या गावाला गेला.